किल्ली कुणाकडे द्यायची?

प्रश्न थोडक्यात असा आहे: "मी तालुक्याच्या गावातल्या एका अनुदानित कॉलेजात सहा वर्षं ग्रंथपाल आहे. एमलिब आणि नेट झालंय. मदतीला एक परिचर होते, ते निवृत्त झाले, पद भरलेलं नाही. विकसनशील देशांतल्या ग्रंथपालांसाठी परदेशी फेलोशिपा, प्रशिक्षणं असतात असं वाचते. मला त्यातलं काय मिळू शकेल? सुरुवात कुठून करू?"

तुम्ही विचारलंत फेलोशिपचं, पण मी अडकले ती परिचरांबद्दलच्या वाक्यावर. एकतीस वर्षं मी अशाच एका कॉलेजात काढली, त्यातली निम्मी एकटीनं. संधींची यादी हल्ली फोनवर कुणीही काढून देतं. ती यादी घेऊन तुम्ही प्राचार्यांच्या केबिनमध्ये जाल तेव्हा ते एवढंच विचारतील, "मॅडम, मग ग्रंथालय कोण उघडणार?" याचं उत्तर खिशात नसेल तर हेगपासून गांधीनगरपर्यंतची कुठलीच संधी तुमची नाही.

माझी ओरिएंटेशनसाठीची, म्हणजे बढतीला लागणाऱ्या सक्तीच्या प्रशिक्षणासाठीची, निवडपत्रं दोनदा वाया गेली. एकदा परीक्षा आल्या, एकदा तपासणी समिती येणार होती. तिसऱ्या वेळी मी हट्टानं गेले, ग्रंथालयाला कुलूप लावून. परत आले तर दारावर मुलांनी खडूनं लिहिलेलं: "मॅडम शिकायला गेल्या आहेत." खाली कुणीतरी भर घातली होती, "आम्ही नापास व्हायला." हसू आलं, पण ते अक्षर मी बरेच दिवस पुसलं नाही. प्राध्यापक आठवडाभर नसले तर तास बदलून घेता येतात. ग्रंथपाल नसला तर दारच बंद. उन्हाळ्यात प्राध्यापकांना सुट्टी लागते तेव्हा आपल्यापुढे साठा पडताळणी आणि परीक्षेच्या पुस्तकांची वसुली असते, म्हणजे "सुट्टीत जा" हा सल्लाही आपल्या कामाचा नाही.

म्हणून कुठल्याही संधीला मी पहिला प्रश्न विचारते, ही घ्यायची तर किल्ली किती दिवस दुसऱ्याच्या हातात द्यावी लागेल?

सक्तीचं आधी उरकून टाका. यूजीसीच्या 2018 च्या नियमावलीत वेतनाच्या लेव्हल 10 वरून 11 ला जायला ग्रंथपालाला 21 दिवसांचा एक ओरिएंटेशन लागतो आणि स्वयंचलन, डिजिटायझेशन, देखभाल अशा विषयांवरचं किमान पाच दिवसांचं प्रशिक्षण लागतं. पुढच्या टप्प्याला मूक (MOOC), म्हणजे सगळ्यांना खुला असलेला ऑनलाइन कोर्सही चालतो. पूर्वीची एचआरडीसी, म्हणजे प्राध्यापकांची प्रशिक्षण केंद्रं, आता मालवीय मिशनची केंद्रं झाली आहेत आणि त्यांचे बरेच कार्यक्रम ऑनलाइन असतात, तेव्हा निदान यासाठी तरी कुलूप लावायची वेळ येऊ नये. फक्त ड्युटी लीव्ह लेखी घ्या. "ऑनलाइनच आहे ना, बसा काउंटरवर आणि ऐका" असं म्हणणारी माणसं भेटतील. एका कानाला हेडफोन आणि दुसऱ्या कानाशी "मॅडम, मागच्या वर्षीच्या प्रश्नपत्रिका कुठे आहेत?" असं करून मी एक कोर्स पुरा केला आहे. प्रमाणपत्र मिळालं. त्यात काय शिकवलं ते मात्र आज सांगता येणार नाही. नियम बदलत राहतात, तेव्हा तुमची प्लेसमेंट, म्हणजे वरच्या लेव्हलची बढती, ड्यू असेल त्या वर्षीचा शासन निर्णय काढून वाचा. शेजारच्या कॉलेजातल्या सरांनी सांगितलं म्हणून चालू नका.

प्रमाणपत्रांच्या भरवशावर तर अजिबात राहू नका. 2020 च्या टाळेबंदीत आपल्याकडे वेबिनारांचा पूर आला होता. दहा प्रश्नांची क्विझ सोडवायची, चाळीस टक्के मिळाले की ई-मेलवर रंगीत प्रमाणपत्र हजर. दोन महिन्यांत माझ्याकडे जाडजूड फाइल झाली. नॅकच्या, म्हणजे कॉलेजाच्या मूल्यांकनाच्या, वेळी ती उपयोगी पडली, खोटं कशाला बोलू. पण त्या फाइलमुळे आमच्या ग्रंथालयातली एकही गोष्ट बदलली नाही.

बदलली ती एका मुलीमुळे. एमए अर्थशास्त्राची होती, प्रकल्पासाठी तिला शेतकऱ्यांच्या कर्जावरची पुस्तकं हवी होती. ओपॅकवर, म्हणजे संगणकावरच्या ग्रंथसूचीत, तिनं "शेतकऱ्यांचे" असं टाकलं. शून्य नोंदी. मी माझ्या संगणकावर टाकलं तर सात. शब्द तोच, पडद्यावर अक्षरंही हुबेहूब तीच. आम्ही दोघी एकमेकींच्या पडद्याकडे बघत उभ्या होतो आणि त्यातली तीन पुस्तकं माझ्या पाठीमागच्या कपाटात होती.

कारण शोधायला मला चार महिने लागले. मराठीतला हा "ऱ्य" संगणकावर दोन तऱ्हांनी लिहिला जातो. एका तऱ्हेत नुक्ता असलेला "ऱ", हलन्त आणि "य". दुसऱ्या तऱ्हेत साधा "र", हलन्त, त्यानंतर एक अदृश्य जोडचिन्ह आणि मग "य". डोळ्यांना दोन्ही सारखे, संगणकाच्या लेखी दोन वेगळे शब्द. मी नोंदी एका कीबोर्डवर केल्या होत्या, मुलं फोनवरून दुसऱ्यानं शोधत होती. "ॲ"चीही तीच गत. त्याआधीच्या, श्रीलिपी या जुन्या मराठी टंकलेखन सॉफ्टवेअरच्या काळातल्या नोंदी तर आणखी वाईट. जुन्या फॉन्टमधला मजकूर मराठी दिसतो, पण आत रोमन अक्षरं आणि चिन्हंच साठवलेली असतात. फॉन्ट काढला की "मराठी" शब्दाचा पार चोथा. आणि नावांचं काय सांगू. कुसुमाग्रजांची कविता एका नावाखाली, वि. वा. शिरवाडकरांची नाटकं दुसऱ्या नावाखाली; मुलाला वाटतं हे दोन लेखक.

हे दुरुस्त करायला मी ओपनरिफाइन हे याद्या साफ करण्याचं सॉफ्टवेअर शिकले. फुकट मिळतं, साध्या लॅपटॉपवर चालतं. सगळ्या नोंदींची यादी त्यात ओतली की एकसारखी दिसणारी नावं ते गटानं समोर मांडतं आणि शंभर ठिकाणची चूक एका झटक्यात सुधारता येते. लायब्ररी कार्पेंट्री नावाच्या उपक्रमाचे धडे जालावर खुले आहेत. ग्रंथपालांसाठीच लिहिलेले, ओपनरिफाइनवरचा धडाही त्यात आहे. इंग्रजी सोपं आहे. रोज संध्याकाळी पाचनंतर अर्धा तास मी ते वाचत असे. किल्ली माझ्याच पर्समध्ये.

शिकायला ग्रंथालय चालवण्याचं एखादं सॉफ्टवेअर निवडायचं तर लोक विचारतात, कोहा की सोल? सोल हे इन्फ्लिबनेटचं, म्हणजे विद्यापीठांची आणि कॉलेजांची ग्रंथालयं जोडणाऱ्या यूजीसीच्या संस्थेचं. (ही संस्था आज गांधीनगरला असली तरी 1991 मध्ये तिची सुरुवात पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेच्या छत्राखाली झाली, हे आपल्याकडे फारसं कुणाला आठवत नाही.) कोहा मुक्त आहे. न्यूझीलंडमधल्या होरोव्हेनुआ या ग्रामीण भागातल्या ग्रंथालय न्यासाची जुनी प्रणाली 2000 साल उजाडताना बंद पडणार होती आणि नवी विकत घेणं परवडेना, म्हणून त्यांनी एका स्थानिक कंपनीकडून स्वतःपुरती बनवून घेतली आणि सगळ्यांना देऊन टाकली. कोहा हा माओरी शब्द. परतफेडीची अपेक्षा पोटात असलेली भेट, असा काहीसा अर्थ. आपल्याकडच्या आहेरासारखा. तेव्हा कुठलं घ्यावं? तुमच्या आसपासची पाच कॉलेजं जे वापरतात ते. रात्री सर्व्हर बसला तर फोन कुणाला करायचा, यावर सॉफ्टवेअर ठरतं. आणि कॉलेज एन-लिस्टमध्ये, म्हणजे इन्फ्लिबनेटच्या कॉलेजांसाठीच्या ई-वाचन योजनेत, नसेल तर आधी ते करा. वर्षाला थोड्याशा शुल्कात नियतकालिकं आणि ई-पुस्तकं मिळतात. तेवढ्या पैशांत छापील नियतकालिकांची एक फळीही भरत नाही.

आता परदेशाचं. "विकसनशील देशांसाठी" असा शिक्का दिसला की आपण खूश होतो, पण भारत त्या यादीत असेलच असं नाही. रिसर्चफॉरलाइफ ही गरीब देशांना नियतकालिकं पुरवणारी मोठी योजना, 2002 मध्ये हिनारी या आरोग्यविषयक योजनेपासून सुरू झालेली. भारतातल्या संस्थांना ती लागू नाही. नेपाळमधल्या एका ग्रंथपाल बाईंशी एका ऑनलाइन कोर्समध्ये माझी ओळख झाली. त्यांना जे घरबसल्या वाचता येई ते मला विकत घ्यावं लागे, आणि त्यांना हेवा वाटे आपल्या इन्फ्लिबनेटचा.

दुसरं म्हणजे दात्याचा पैसा दात्याच्या मर्जीनं येतो आणि जातो. गेट्स फाउंडेशननं जगभरच्या सार्वजनिक ग्रंथालयांसाठी कार्यक्रम चालवला, आपल्या भागातल्या तरुण ग्रंथपालांनाही त्यातून नेतृत्वाचं प्रशिक्षण मिळालं, आणि 2018 अखेर तो कार्यक्रम त्यांनी बंद केला. त्यामुळे कुणी "ग्रंथपालांसाठी पंचवीस फेलोशिपा" अशी यादी पाठवली तर आधी प्रत्येकीची शेवटची जाहिरात कोणत्या वर्षीची ते बघा. यादीतली बरीचशी घरं रिकामी निघतात.

चालू असलेल्यांपैकी राष्ट्रकुलाची प्रोफेशनल फेलोशिप बघण्यासारखी आहे. कमी आणि मध्यम उत्पन्नाच्या राष्ट्रकुल देशांतल्या नोकरी करणाऱ्यांसाठी असते, किमान पाच वर्षांचा अनुभव मागतात, ब्रिटनमधल्या एखाद्या यजमान संस्थेत काही आठवडे काढायचे असतात. यजमान कोण आणि विषय काय हे त्या-त्या वर्षी ठरतं. ग्रंथालय, अभिलेख, डिजिटल वारसा यांच्या जवळचं काही आहे का ते पाहायचं. अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठात 1991 पासून मॉर्टेन्सन सेंटर आहे. बाहेरच्या देशांतल्या ग्रंथपालांसाठीच काढलेलं. तिथलं प्रशिक्षण शुल्क भरून घ्यायचं असतं, मदत मोजक्यांना मिळते. इफ्ला म्हणजे ग्रंथालय संघटनांचा जागतिक महासंघ, मुख्यालय हेगला. त्याची जागतिक परिषद बहुतेक वर्षी वेगळ्या देशात भरते. 1992 मध्ये दिल्लीत भरली होती, 2025 मध्ये अस्तानाला. तिथे निबंध स्वीकारला गेला म्हणजे तिकीट मिळालं असं समजू नका. खर्च आपला आपण बघायचा असतो. प्रवासाच्या मदतीचा अर्ज वेगळा आणि तिथली रांग लांब.

माझा पहिला परदेशी अर्ज नामंजूर झाला आणि तो व्हायलाच हवा होता. तीन पानं भरून मी माहिती तंत्रज्ञानाचं महत्त्व लिहिलं होतं. एकविसावं शतक, ज्ञानाधिष्ठित समाज, ग्रंथपालाची बदलती भूमिका. त्यात माझं नाव खोडून कुणाचंही घातलं असतं तरी चाललं असतं. काही वर्षांनी एका परदेशी परिषदेसाठी दुसरा अर्ज केला तो "शेतकऱ्यांचे" या एका शब्दावर. मुलगी कोण, शोधलं काय, मिळालं काय, नोंदी कशा सुधारल्या, काय अजून सुटलेलं नाही. त्या परिषदेला आयोजकांनी मला प्रवासखर्च देऊन बोलावलं. माझ्यानंतर थायलंडच्या एका ग्रंथपाल बोलायला उभ्या राहिल्या, त्यांच्या लिपीत शब्दांमध्ये जागाच सोडत नाहीत म्हणे, मग शोधायचं कसं? जेवणाच्या सुट्टीत आम्ही कागदी रुमालांवर अक्षरं काढून एकमेकींना दाखवत बसलो. मोठ्या विद्यापीठांतली मंडळी शेजारच्या टेबलावर होती. त्यांना हा प्रश्न कधी पडलाच नव्हता.

तेव्हा अर्ज लिहायच्या आधी महिनाभर काउंटरवर एक वही ठेवा. कुणी काय मागितलं आणि आपल्याला का देता आलं नाही, एवढंच त्यात टिपायचं. पुस्तक नव्हतं, होतं पण सापडलं नाही, भाषा आडवी आली, बसायला जागा नव्हती, मुलीला सहाची एसटी गाठायची होती. तुमचा निबंध, तुमचा अर्ज आणि जमलं तर तुमच्या पीएचडीचा विषय त्या वहीत सापडेल. इंग्रजीत लिहिण्याची धास्ती वाटत असेल तर ऑथरएडचे शोधलेखनाचे ऑनलाइन कोर्स फुकट आहेत. मुद्दाम आपल्यासारख्या देशांतल्या लोकांसाठी चालवतात. पीएचडीची घाई करू नका. विषय नसताना नोंदणी केलेल्यांची दहा-दहा वर्षं गेलेली मी पाहिली आहेत.

एक इशारा. "आदरणीय विद्वान" अशी सुरुवात करून बँकॉकच्या किंवा दुबईच्या हॉटेलात बोलावणारे ई-मेल तुमचं नाव कुठे छापून आलं की लगेच सुरू होतील. निबंध दोन दिवसांत स्वीकारतात आणि नोंदणी शुल्क डॉलरमध्ये मागतात. माझ्या ओळखीचे एक ग्रंथपाल गेले. सभागृहात अकरा माणसं, त्यात सहा आयोजकांची, आणि विषय ग्रंथालयांपासून मत्स्यशेतीपर्यंत.

आता मला स्वतःला सगळ्यात फळलेला मार्ग सांगते. सयाजीराव गायकवाडांना बडोद्यात अमेरिकेसारखी ग्रंथालयं हवी होती. त्यांनी 1910 मध्ये विल्यम बॉर्डन नावाच्या अमेरिकन ग्रंथपालालाच बडोद्यात आणलं. पुढच्या वर्षी तिथे ग्रंथपालांचा प्रशिक्षण वर्ग सुरू झाला आणि त्या कामातून गावोगावी पुस्तकांच्या पेट्या फिरू लागल्या. तुम्ही-आम्ही महाराज नाही, पण शिकवणाऱ्याला एसटीचं भाडं देऊन तालुक्याला आणणं आपल्यालाही परवडतं.

आम्ही पाच कॉलेजं एकत्र आलो. प्रत्येक कॉलेजाच्या आयक्यूएसीकडून, म्हणजे गुणवत्ता कक्षाकडून, थोडे पैसे घेतले, एका विद्यापीठाच्या ग्रंथालयातून कोहा जाणणारे सर दोन दिवसांसाठी बोलावले, मुक्काम आमच्या घरी. स्लाइड नकोत, प्रत्येकानं आपल्याच ग्रंथालयाच्या नोंदी पेनड्राइव्हवर आणायच्या, अशी अट मी घातली होती. पहिला दिवस निम्मा लॅपटॉप सुरू करण्यात गेला. दुसऱ्या दिवशी दुपारी एका सरांच्या यादीत एकच शब्दकोश अकरा वेगवेगळ्या स्पेलिंगांनी निघाला आणि सगळे त्यांच्याभोवती जमले. तिथून पुढे कुणी चहालाही उठलं नाही.

त्यात गावच्या वाचनालयाच्या ग्रंथपालांनाही बोलवा, हे मी आग्रहानं सांगेन. महाराष्ट्रात 1967 च्या कायद्याखाली अनुदान घेणारी अकरा-बारा हजार सार्वजनिक ग्रंथालयं आहेत, अ ते ड वर्गांतली. ड वर्गातल्या ग्रंथपालाचं मानधन किती असतं ते विचारून बघा, तुमचं-माझं गाऱ्हाणं तिथेच थांबेल. जिल्हा ग्रंथालय संघाचा प्रमाणपत्र वर्ग एकदा केला की पुढे त्यांना कुणी काही शिकवत नाही. आमच्या कार्यशाळेला असे एक काका आले होते, संगणकाला हात न लावलेले. पण गावातल्या कुठल्या घरात कोण काय वाचतं हे त्यांना तोंडपाठ होतं, आणि आमच्या पाच कॉलेजांपैकी एकालाही आपल्या वाचकांबद्दल तेवढं सांगता आलं नाही.

राहिली किल्ली. परिचराचं पद भरेपर्यंत वाट पाहू नका. माझ्याकडचं पद मी निवृत्त होईपर्यंत भरलं गेलं नाही. कमवा आणि शिका योजनेतली दोन-तीन मुलं जूनपासूनच मागून घ्या. पहिल्या महिन्यात त्यांच्याकडून फक्त परत आलेली पुस्तकं लावून घ्या, दुसऱ्यात देवघेव शिकवा. दिवाळीच्या आधी एक दिवस मुद्दाम रजा टाकून घरी बसा आणि फोन उचलू नका. संध्याकाळी रजिस्टर बघा. प्राचार्यांना ते रजिस्टर दाखवून मगच पाच दिवसांच्या प्रशिक्षणाचा अर्ज पुढे करा. रजेच्या अर्जाला "पर्यायी व्यवस्था" म्हणून मुलांची नावं आणि एका प्राध्यापकाची सही जोडा.

मी पहिल्यांदा अशी पाच दिवस गेले तेव्हा देवघेवीत एकही चूक नव्हती. दंडाचे सत्तावीस रुपये पाकिटात, पावत्यांसकट. फक्त संदर्भ विभागातलं एक अख्खं कपाट पोरांनी उंचीनुसार लावून ठेवलं होतं, मोठी पुस्तकं डावीकडे, लहान उजवीकडे, "मॅडम, किती छान दिसतंय बघा." ते पुन्हा वर्गांकानं, म्हणजे विषयाच्या क्रमांकानं, लावायला दोन दिवस धरून चला.